जुना ट्रॅक्टर धूर का मारतो? इंजिन खोलण्याआधी काय काय तपासायचं

ट्रॅक्टर धूर मारायला लागला की पारावरच्या चौघांपैकी तिघांचं निदान ठरलेलं असतं : "बोअर गेलं, काम काढा." चौथा म्हणतो, "पंप गेला." ट्रॅक्टरकडे अजून कुणी वळून बघितलेलंही नसतं. बोअर काम, म्हणजे इंजिन खोलून झिजलेलं लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन आणि त्याच्या रिंगा बदलणं : पाच आकडी खर्च, वर ऐन हंगामात आठ-पंधरा दिवस ट्रॅक्टर शेडमध्ये. एवढं करूनही धूर तसाच राहिलेले ट्रॅक्टर सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात सापडतील. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, दुसरं काय.

धुराचा रंग सगळेच बघतात. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑईल जळतंय, पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल नाहीतर पाणी. एवढं बहुतेकांना माहीत असतं आणि ते बरोबरही आहे. पण नुसत्या रंगावरून दोष सापडत नाही. धूर कधी येतो, थंड इंजिनला की गरम, नुसत्या रेसवर की लोडवर, यावरून तो सापडतो. पुढची सगळी तपासणी याच पद्धतीने आहे आणि आधी फुकटची, मग स्वस्तातली, शेवटी खर्चाची अशी लावली आहे.

हे सगळं जुन्या, साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरसाठी आहे. महिंद्रा, स्वराज, मॅसी, आयशर, एचएमटी, फोर्ड, कुठलाही असो, तत्त्व एकच. नवीन सीआरडीआय (अति दाबाच्या कॉमन रेल पद्धतीच्या) ट्रॅक्टरवर यातलं नोझलचं (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीचं) नट सैल करायचं काम अजिबात करू नका. तिथे पाईपमधला दाब जीवघेणा असतो.

आधी दोन दिवस नुसतं बघा

हातात पाना घेण्याआधी वही घ्या. सकाळी पहिल्या सेल्फला धूर कसा होता, किती वेळाने कमी झाला, गरम झाल्यावर आयडलिंगला येतो का, एकदम रेस दिल्यावर येतो का, नांगर जमिनीत गेल्यावर येतो का, हे लिहून काढा. त्याखाली ऑईल किती टाकावं लागतं, रेडिएटरमध्ये पाणी किती घालावं लागतं आणि धूर सुरू होण्याआधी ट्रॅक्टरवर शेवटचं काम कोणतं झालं, याची नोंद करा. शेवटचा मुद्दा फार कामाचा आहे. पंप बसवल्यावर, टायमिंग गिअर उघडल्यावर किंवा नोझल बदलल्यावर दुसऱ्या दिवसापासून धूर असेल, तर दोष त्याच कामात शोधायचा. रिंगा एका रात्रीत झिजत नाहीत. जुन्या ट्रॅक्टरचा अवर मीटर बहुधा बंदच असतो, तेव्हा तास अंदाजानेच मोजा, पण मोजा.

रंग ओळखताना फसगत होते. कोवळ्या उन्हात निळा धूर पांढरा दिसतो, आभाळाकडे बघितलं तर काळासुद्धा फिकट वाटतो. धुराच्या मागे झाड किंवा काळी भिंत येईल असं बाजूला उभं राहून बघा. शिवाय इंजिन गरम झाल्यावर पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा लांब पकडीत धरून सायलेन्सरच्या तोंडावर वीतभर अंतरावर अर्धा मिनिट धरा. कोरडी, बोटाने पुसली जाणारी काजळी असेल तर काळा धूर. तेलकट, पुठ्ठ्यात पसरत जाणारे पिवळट-तपकिरी ठिपके असतील तर ऑईल. डिझेलचा उग्र वास आणि ओलसर डाग म्हणजे न जळलेलं डिझेल. नुसतंच ओलं, वास नाही आणि वाळल्यावर डाग जवळजवळ उरत नाही, म्हणजे पाणी.

ही तपासणी मोकळ्या जागेत करा, बंद शेडमध्ये नको, तो धूर विषारी असतो. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड आणि पीटीओ (जोडलेलं यंत्र फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद.

काळा धूर : आधी हवा, मग डिझेल

एकदम रेस दिल्यावर एक काळा भपकारा येऊन नाहीसा होत असेल तर जुन्या इंजिनला तो चालतो. काम करताना सतत काळा धूर येत असेल तर मात्र थांबा. पहिला प्रश्न इंजिनचा नाही, लोडचा आहे. आपल्याकडच्या काळ्या, खोल जमिनीत वाफसा नसताना नांगर घातला आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबून चालवलं, तर नवा ट्रॅक्टरसुद्धा काळा धूर मारेल. एक गिअर खाली घ्या, रेस योग्य ठेवा. धूर गेला तर इंजिन ठीक आहे, घाई चालवणाऱ्याला होती. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यांना हे पटत नाही, पण चढावर इंजिन घुसमटून धूर ओकतं तेव्हा ते लोडच सांगत असतं.

लोड कमी करूनही धूर असेल तर हवेकडे वळा. इंजिन गरम करा, स्वच्छ जागी उभं करा आणि एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डकडे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीकडे) जाणारा रबरी पाईप मॅनिफोल्डच्या बाजूने सोडा. दोन-तीन मिनिटंच चालवून रेस देऊन बघा. धूर स्पष्ट कमी झाला तर दोष एअर क्लीनरमध्ये आहे. या वेळी उपरण्याचं टोक, फडकं, कागद त्या तोंडाजवळ येऊ देऊ नका, इंजिन खेचून घेतं. मळणीच्या जागी, धुळीत ही चाचणी करायचीच नाही.

आपल्या भागात काळ्या धुराचा सगळ्यात मोठा गुन्हेगार हा एअर क्लीनरच असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी चालते, ट्रॅक्टर पीटीओवर मळणी यंत्र लावून तासन् तास भुसकटाच्या लोटात उभा. वरच्या प्री-क्लीनरच्या वाटीत भुसा गच्च भरतो, खालच्या ऑईल बाथमध्ये धूळ उतरते. क्लिपा काढून ती खालची वाटी हातात घ्या. बरी असेल तर ऑईल पातळ दिसेल आणि बोटाला तळ लागेल. बिघडलेली असेल तर वर बोटभर काळं ऑईल आणि त्याखाली काळ्या रानातल्या चिखलासारखा घट्ट गाळ. बोट घातलं तर खड्डा तसाच राहतो, भरत नाही. त्या वाटीतून हवा गाळली जात नाही, अडते.

वाटी आणि जाळी रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, जाळी पूर्ण निथळू द्या आणि इंजिनमध्ये जे ऑईल वापरता तेच वाटीवरच्या खुणेपर्यंत भरा. मळणीच्या दिवसांत हे रोज बघायचं. खुणेच्या वर भरू नका. इंजिन ते ऑईल ओढून घेतं, निळा धूर मारतं आणि कधी कधी स्वतःच्याच रेसने पळत सुटतं. तेव्हा स्टॉप खेचून उपयोग होत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. अशा वेळी हवेच्या तोंडावर जाड लाकडी फळी दाबायची, हात कधीच नाही. कोरडा कागदी फिल्टर असेल तर तो पाण्याने धुऊ नका. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंका, आणि कागद फाटला असेल तर सरळ नवा घाला.

पाईप तपासताना क्लिपा सैल आहेत का, रबराला आतून पापुद्रा सुटून तो मिटतो का, तेही बघा. एअर क्लीनरच्या पुढे पाईपला भेग असेल तर काळा धूर कदाचित कमीच दिसेल, पण न गाळलेली धूळ थेट लायनरमध्ये जाते. आज एवढीशी क्लिप टाळली तर पुढच्या हंगामात निळा धूर येणार, हे लिहून घ्या.

सायलेन्सर काजळीने गच्च झाला तरी इंजिनला श्वास घेता येत नाही. तो क्षणभर काढून चालवला की कळतं. आवाज कानठळ्या बसवणारा येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. टॅपेट (वॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) फार सैल किंवा फार कसलेले असले तरी धूर वाढतो. बहुतेक जुन्या इंजिनांना त्याचा गाळा (फट) पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या आणि इंजिन थंड असताना लावायचा की गरम, तेही तिथेच बघा.

कोणतं नोझल गेलंय, हे घरीच कळतं

हवा, सायलेन्सर, टॅपेट ठीक असतील तर नोझल. सगळी एकदम बदलायची गरज नसते. दोषी सिलिंडर असा शोधायचा :

१. इंजिन गरम करून आयडलिंगपेक्षा थोड्या जास्त रेसवर ठेवा. चष्मा आणि जाड हातमोजे घाला.

२. पहिल्या सिलिंडरच्या नोझलवर येणाऱ्या स्टीलच्या पाईपचं नट पान्याने अर्धा आटा सैल करा, भोवती फडकं गुंडाळलेलं असू द्या. तिथून डिझेल गळेल आणि तो सिलिंडर बंद पडेल.

३. इंजिनचा आवाज ऐका, सायलेन्सरकडे बघा, नट परत कसा. मग पुढचा सिलिंडर.

आवाज पडला, इंजिन लंगडं झालं, पण धुरात फरक नाही, तर तो सिलिंडर चांगला. धूर एकदम कमी झाला तर ते नोझल टपकतंय. नट सैल करूनही आवाजात काहीच बदल नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. दाबाखालच्या डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते पण हात गमवायची वेळ येते. तेव्हा धारेपुढे बोट नको, आणि कधी लागलीच तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

संशय आलेलं नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा. धूर नोझलबरोबर गेला तर नोझल खराब, तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) किंवा वॉल्व्ह. हे करताना तांब्याचा वॉशर नवा घाला, आणि जुना खाचेत चिकटून राहिला नाही ना हे बॅटरीच्या उजेडात बघा. एकावर एक दोन वॉशर बसले की नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि नवं नोझल घालूनही धूर जात नाही. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त होतो.

नोझल टेस्टिंग पंपवाल्याकडे करून घ्या आणि समोर उभे राहा. फवारा धुक्यासारखा, सगळ्या छिद्रांतून सारखा यायला हवा, शेवटी थेंब लोंबता कामा नये. जुन्या डीआय (थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या) इंजिनांचा नोझलचा दाब साधारण १७५ ते २५० बारच्या दरम्यान मॉडेलप्रमाणे असतो. तुमच्या इंजिनाचा आकडा पंपवाल्याला विचारा आणि काट्यावर तोच दिसतो का बघा.

आता पंप. मायको कंपनीच्या पंपावर डिझेल वाढवायचा स्क्रू असतो आणि त्याला सील असतं. ज्या पंपाचं सील तुटलेलं आहे त्याचं डिझेल "पिकअप वाढवून देतो" म्हणून कुणीतरी वाढवलेलं असतं, असं धरून चाला. थोडी ताकद वाढल्यासारखी वाटते खरी. पण जास्तीचं डिझेल पूर्ण जळत नाही, धुराची गरमी वाढते, पिस्टन आणि हेड भाजतात, ऑईल काळं पडून लवकर खराब होतं. तो स्क्रू अंदाजाने उलटा फिरवू नका. पंप उतरवून कॅलिब्रेशन बेंचवर लावा, सगळ्या सिलिंडरला सारखं डिझेल जाईल असं करून घ्या आणि नवीन सील मारून घ्या.

पांढरा धूर : डोळे झोंबतात की पाणी कमी होतं?

डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात सकाळी पहिली पाच मिनिटं पांढरा धूर येणं हा आजार नव्हे. गरम झाल्यावरही राहिला तर दोन वाटा आहेत.

धुराने डोळे झोंबतात, डिझेलचा वास येतो, तर डिझेल सिलिंडरमध्ये जातंय पण जळत नाही. डिझेल इंजिनात हवा दाबल्यामुळे इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. कॉम्प्रेशन कमी असेल, टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) उशिराचं असेल किंवा नोझल धार सोडत असेल तर ते पेटत नाही. आधी स्वस्तातलं बघा. टाकीचा तळ आणि फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढा. बॅरलमध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी हमखास निघतं. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे (टाकीतलं डिझेल ओढून पुढे देणाऱ्या पंपापर्यंतचे) सांधे बघा, हवा ओढत असतील तर इंजिन लंगडत धूर मारेल. हवा काढायची तर फिल्टरवरचा स्क्रू आधी, पंपावरचा नंतर. हँड प्रायमर दाबत राहायचा आणि बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की कसायचं.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागात फार दिसते. उन्हाळा कडक, पारा चाळीसच्या वर, म्हणून इंजिन गरम होऊ नये यासाठी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग इंजिन हिवाळ्यात दिवसभर थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, सकाळचा पांढरा धूर दुपारपर्यंत पुरतो आणि लायनरही लवकर झिजतं. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढला असेल तर तापण्याचं खरं कारण, म्हणजे गच्च रेडिएटर, ढिला बेल्ट किंवा वॉटर पंप, शोधा आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

दुसरी वाट पाण्याची. डिझेलचा वास नाही, डोळे झोंबत नाहीत आणि रेडिएटरचं पाणी कुठे गळताना न दिसता कमी होतंय. चांगला फिटर अशा वेळी पान्याला हात लावायच्या आधी विचारतो, "मालक, रेडिएटरला बुडबुडे येतेत का बघितलं का?" इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा, काठोकाठ पाणी भरा, झाकण न लावता इंजिन चालू करा. सुरुवातीला अडकलेली हवा निघेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. पण पाच मिनिटांनंतरही सलग बुडबुडे येत राहिले, रेस दिली की वाढले, किंवा पाणी उसळून बाहेर आलं, तर सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं किंवा त्याला तडा गेला. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. जुन्या एअर कूल्ड आयशरला रेडिएटरच नसतो, त्यामुळे त्यांनी ही वाट सोडून द्यायची.

त्याच वेळी डिपस्टिक काढून बघा. ऑईल दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल तर पाणी खालच्या ऑईलच्या चेंबरमध्ये उतरलंय. लायनरच्या खालच्या रबरी रिंगा गेल्या तरी असं होतं. असा ट्रॅक्टर "एवढी फेरी मारून येतो" म्हणूनही चालवू नका, बेअरिंगं जातात. हेड उतरवलं की ते सपाट आहे का हे मशीन शॉपमध्ये तपासून घ्या. नुसतं गॅस्केट बदलून वाकडं हेड पुन्हा बसवलं तर काम वाया जातं.

निळा धूर

इथेही बोअरवर उडी मारू नका. ऑईल खुणेच्या वर आहे का, एअर क्लीनरमध्ये जास्त ऑईल पडलंय का, ब्रीदर (चेंबरमधली वाफ बाहेर सोडणारी नळी) कचऱ्याने बंद आहे का, ही तीन कामं पाच मिनिटांची. डिपस्टिकवर ऑईल आपोआप वाढलेलं दिसलं तर वास घ्या. फीड पंपाचा पडदा किंवा पंपाचं सील गळून डिझेल ऑईलमध्ये उतरत असेल तर ऑईल पातळ होतं, वर चढतं आणि जळतं. त्यावर उपाय पंपाचं सील आणि ऑईल बदल, रिंगा नव्हेत.

हे सगळं ठीक असेल तर पुन्हा 'कधी' हा प्रश्न. रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी निळा भपकारा येऊन थांबतो, किंवा उतारावरून रेस सोडून आल्यावर पुन्हा रेस देताना येतो, तर वॉल्व्ह गाईडमधून (वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीतून) ऑईल उतरतंय. हेडचं काम पुरेल. लोडवर सतत येतो, जितकं काम तितका धूर, आणि दर काही तासांनी ऑईल टाकावं लागतं, तर रिंग-लायनर.

खात्री करायची तर गरम इंजिन आयडलिंगवर ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा. हलकी वाफ चालते. भकभक धूर येतोय, झाकण तोंडावर नुसतं ठेवलं तर थडथड उडतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांना ओलांडून खाली येतोय. फिटरकडून कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एकाच सिलिंडरचा आकडा पडलेला असेल आणि बाकीचे सारखे असतील, तर वॉल्व्ह किंवा तुटलेली रिंग असू शकते. सगळेच खाली आले असतील तर झीज.

बोअर काम ठरलंच तर

आधी मापं घ्यायला सांगा. लायनर वर किती, खाली किती, आडवा-उभा फरक किती, हे बोअर गेजने तुमच्यासमोर मोजायला हवं. झिजलेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून देणारे भेटतात. स्वस्तात होतं आणि एका हंगामात धूर परत येतो. लायनर, पिस्टन, रिंगा एकाच मेकचा पूर्ण संच घ्या. त्याच वेळी वॉल्व्ह ग्राइंडिंग, गाईड, बिग एंड बेअरिंगं आणि ऑईल पंप बघून घ्या. काढलेले जुने पार्ट घरी आणा. रिंगांची तोंडं एका ओळीत येऊ न देता फिरवून बसवली का, हे विचारायला लाजू नका. आणि इंजिन बसवण्याआधी एअर क्लीनर, त्याचा पाईप आणि क्लिपा नीट करून घ्या, नाहीतर नव्या लायनरला पहिल्या मळणीतच धूळ लागेल.

काम झाल्यावर पहिले पन्नास तास हलक्या ते मध्यम लोडवर चालवा : कुळव, पेरणी, रिकामी ट्रॉली. उसाची ट्रॉली नको आणि तासन् तास नुसतं आयडलिंगही नको, कारण लोडशिवाय रिंगा बसत नाहीत. या काळात थोडा निळसर धूर येईल, तो कमी होत गेला पाहिजे. ऑईल रोज बघा. पन्नास तासांनी ऑईल आणि ऑईल फिल्टर बदला, टॅपेट पुन्हा लावा आणि हेडचे नट तुमच्या मॉडेलला पुन्हा कसायचे असतील तर टॉर्क पान्यानेच कसून घ्या.